गोळी डॉक्टरची, भाजी माझी

एका बाईचं रक्त पातळ व्हावं म्हणून आमचे डॉक्टर जिवाचा आटापिटा करत होते, आणि ते पुन्हा घट्ट व्हावं याची सोय रोज संध्याकाळी मीच लावून देत होते. तीही हौसेनं! वर मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देत होते, की इंदू, काय डोकं चाललं गं तुझं.

हे सगळं आता आठवायचं कारण माझी नात. गेल्या पावसाळ्यात माझं हृदय ताल सोडून वाजायला लागलं. नागपूरच्या डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी दिली, आणि त्या दिवसापासून ही पोरगी माझ्या ताटातली हिरवी भाजी मोजून वाढते. परवा मेथी जास्त घेतली तर तिनं सरळ डावभर उचलून परत भांड्यात टाकली. मी हसत सुटले. तिला वाटलं आजीला राग आला, म्हणून ही अशी हसते. तिला काय सांगू, की या एका डावभर भाजीपायी तिच्या आजीनं एका बाईला मरणाच्या दारापर्यंत नेऊन आणलं होतं!

तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणायचे आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात होती. आमचा दवाखाना मिशनचा होता. कुठल्या गावचा ते सांगत नाही, तिथली माणसं अजून मला ओळखतात. कौलारू इमारत, दोन वॉर्ड, मागे विहीर आणि विहिरीपलीकडे मोहाची चार झाडं. दवाखान्यातून पेशंटला जेवण मिळत नसे. घरची माणसं बरोबर येत, झाडाखाली तीन दगड मांडत आणि तिथंच स्वयंपाक. कुणाचा भात, कुणाची आंबील, कुणाचे सुकवलेले झिंगे, म्हणजे बारकी कोळंबी. डॉक्टर औषध देत आणि झाडाखालची मंडळी जेवण देत. दोन्ही खाती वेगळी. एकमेकांच्या खात्यात कुणी डोकावत नसे, आणि पुढचा सगळा घोळ नेमका इथंच आहे.

मी मूळची वरोऱ्याची. नागपुरात नर्सिंग शिकून आलेली. डोक्यावर टोपी, तिला भाताच्या पेजेची कडक खळ. पेज नीट गाळायचं मला सुचत नसे, त्यामुळे एकदा राउंड चालू असताना टोपीवर मुंग्यांची रांग लागली होती. तरी मान ताठ! छातीवर उलटं घड्याळ लावलं की मला वाटायचं, वैद्यकशास्त्रातलं कळायचं फारसं काही उरलं नाही.

त्या आषाढात गिरजा आली. तलावाकाठच्या गावातली, मासेमारी करणाऱ्या घरातली सून. बैलगाडी, मग सर्व्हिस मोटार, मग पुन्हा बैलगाडी असं करत नवऱ्यानं आणि सासूनं तिला आणलं होतं. चालता येत होतं, पण उजवा हात लुळा आणि बोलणं गेलेलं. आठवडी बाजारात हिनं ‘बोटरे घ्या, मरळ घ्या’ अशी हाळी दिली की दुसऱ्या टोकाची माणसं वळून पाहत, असं सासू सांगत होती. आणि आता ती पोर स्वतःचं नावसुद्धा सांगू शकत नव्हती. ओठ हलायचे, घशातून हवा यायची, आणि मग डोळ्यांतून पाणी.

सासूचं नाव ठमाबाई. बारकी, काटक, कपाळावर गोंदण. ती माझा पदर धरून म्हणाली, “बाई, हे कमावते अन् आमी खातो. इची वाचा परत आना जी. हाताचं मंग पाहू.”

आमचे डॉक्टर मथाई केरळचे. तरुण, उंच, मराठी कामापुरतं. त्यांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग मला म्हणाले, “सिस्टर, तुमी नाडी मोजा. मी हार्ट मोजतो. एकदम सुरू, एकदम बंद.”

मोजलं. माझा आकडा त्यांच्यापेक्षा बराच कमी आला. मी लाजले. पुन्हा मोजलं, पुन्हा कमी. तिसऱ्या वेळी मी शहाणपणा करून चार-पाच ठोके पदरचे घातले, तर साहेब हसले. “खरा आकडा सांगा. फरक आहे, तोच आजार आहे.”

तो आजार त्यांनी मला समजावला, मी माझ्या भाषेत सांगते. लहानपणी सांधे धरणारा ताप आला आणि त्यानं गिरजाच्या हृदयातली एक झडप आखडून गेली. वरचा कप्पा फुगला. तो धड आकुंचन पावायचं सोडून नुसता थरथरत होता. त्यामुळे ठोका कधी लवकर, कधी उशिरा, काही ठोके तर मनगटापर्यंत पोचतच नाहीत. आणि थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त वाहतं न राहता साचतं. साचलं की गोठतं. त्यातली एक गाठ सुटून मेंदूत गेली आणि तिनं वाचा नेली. दुसरी सुटली तर काय नेईल याचा नेम नाही. म्हणून रक्त गोठणं लांबवायचं. त्यासाठीच्या गोळ्या तेव्हा नव्या होत्या, साहेबांनी मुंबईहून मागवलेल्या.

गोळी किती द्यायची ते मात्र डोळे मिटून ठरवता येत नसे. कमी पडली तर गाठ, जास्त झाली तर आतून रक्तस्राव. म्हणून रक्त तपासायचं. हे काम आमच्या लॅबमधल्या गेडामभाऊंचं. रक्तातलं वरचं निवळ पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, नळी कोमट पाण्यात धरायची, तिच्यात सशाच्या मेंदूपासून केलेली पूड कालवून टाकायची आणि किती सेकंदांत जाळं धरतं ते पाहायचं. उशिरा धरलं तर गोळी लागू पडली. ती पूड संपत आली की गेडामभाऊ खिडकीतून रानाकडे पाहत म्हणायचे, “सिस्टर, नागपूरचं पार्सल नाई आलं तं मले जाळं घेऊन जा लागते.”

आता गोळी द्यायची तर घरच्यांना सांगायला हवं. मी झाडाखाली गेले आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की ही गोळी रक्त पातळ करते.

ठमाबाईच्या हातातला पळा चुलीवरच थांबला.

“काय करते?”

“रक्त पातळ.”

“काऊन जी? आमच्या पोरीनं काय वाकडं केलं तुमचं?” ती उठून उभी राहिली. “आंगात आधीच रक्त नाई. डोळे पाहा, नखं पाहा. जे हाये ते बी पातळ करता? मंग त्यात पानी कायले नाई वतत सरळ?”

आजूबाजूच्या चुलींवरच्या बायका गोळा झाल्या. एकीनं सांगितलं, की तिच्या दिराचं रक्त असंच पातळ झालं आणि तो सुकून गेला. गिरजाला सगळं कळत होतं. तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं. सकाळी गोळी दिली तर थुंकली. दुपारी पुन्हा थुंकली.

साहेबांना हे सांगायची मला लाज वाटली. साधी गोळी खाऊ घालता येत नाही, तर ही कसली नर्स? आणि खरं सांगू का? मनातून मला ठमाबाईचंच पटत होतं. कॉलेजात शिकलेलं सगळं टोपीत होतं, टोपीखाली मी वरोऱ्याच्या आईची लेक. बाळंतिणीला, अशक्त माणसाला काय द्यायचं? हिरवी भाजी. रक्त भरायला. पातळ रक्त हे काही चांगलं लक्षण नव्हे, हे काय कुणी मला शिकवायला हवं होतं?

मग मी तोड काढली. ठमाबाईजवळ बसून म्हटलं, “आजी, असं करू. सकाळी डॉक्टरची गोळी. ते रक्त पातळ करन, म्हणजे गाठ होनार नाई. संध्याकाळी तुमी हिरवी भाजी खाऊ घाला, रोज. गोळीनं जे गेलं ते भाजीनं भरून येते. मंग तं झालं?”

ठमाबाईनं विचार केला. “गोळी डाक्टरची, भाजी माही?”

“भाजी आपली,” मी म्हटलं.

आषाढात आमच्याकडे तरोटा कुठंही उगवतो. बांधावर, वाटेवर, दवाखान्याच्या कुंपणाला. कोवळी पानं खुडायची, उकडून पिळायची, जवसाच्या तेलात कांदा-मिरचीवर परतायची. ठमाबाई रोज ओटीभर खुडून आणी. ड्यूटी संपली की मीसुद्धा कुंपणाजवळून मूठभर खुडून तिच्या टोपल्यात टाकी. गिरजा निमूट गोळी घेऊ लागली. साहेब म्हणाले, “व्हेरी गुड, सिस्टर. कसं केलं?” मी म्हटलं, “समजावलं.”

गिरजा हळूहळू सुधारत होती. एका सकाळी मी वेणी घालत असताना तिनं मागं न वळता म्हटलं, “दुखते.” एवढा एकच शब्द! मी वेणी जोरात ओढली होती. ठमाबाईनं माझ्याच गळ्यात पडून रडून घेतलं. मग रोज एखाद-दुसरा शब्द परत येऊ लागला. मात्र ‘मरळ’ म्हणायचं असलं की ती ‘मडकं’ म्हणे आणि स्वतःच कपाळावर हात मारी.

तिकडे लॅबमध्ये मात्र कुणाचंच डोकं चालेना. नळीतलं रक्त गोळी न घेतलेल्या माणसाइतक्याच झटपट जाळं धरत होतं. साहेबांनी गोळी वाढवली. रक्त ढिम्म. साहेब म्हणाले, पूड खराब झाली. गेडामभाऊ दुखावले. त्यांनी त्याच पुडीनं स्वतःचं रक्त तपासून दाखवलं, ते ठीक निघालं. मग साहेबांना वाटलं, गोळ्याच जुन्या आहेत. नवी बाटली मागवली. तीही तशीच. मग वाटलं, पेशंट गोळी थुंकते. मी माझ्या समोर तिला आ करायला लावून तपासलं. गोळी पोटात जात होती. गोळी आणखी वाढली.

“असं कसं होते?” साहेब मला विचारत.

“काय की साहेब,” मी मनापासून सांगे. शपथेवर सांगते, माझ्या डोक्यात एकदासुद्धा आलं नाही. गोळी मी औषधाच्या ट्रेवर पाहत होते आणि भाजी चुलीवर. ट्रे आणि चूल यांचा काही संबंध असतो हे मला कुठं माहीत?

त्यातच एके दिवशी गिरजाची लघवी लाल झाली. गोळी वाढली की रक्त जाऊ शकतं, हे साहेबांनी बजावलेलं होतं. मी ते भांडं घेऊन व्हरांड्यातून “रक्त, रक्त!” ओरडत सुटले, पायात झाडू आला आणि मी साहेबांच्या पुढ्यात जवळजवळ साष्टांग. भांडं कसंबसं वाचलं. साहेबांनी शांतपणे थोडी लघवी नळीत घेतली, त्यात ॲसिटिक ॲसिडचे थेंब टाकले, आणि लाल रंग बघता बघता नाहीसा झाला. म्हणाले, “गोळीचा रंग. गोळी लघवीत लाल दिसते. ॲसिड घातलं, रंग गेला, तर गोळी. रंग राहिला, तर रक्त.”

अख्खा वॉर्ड हसला. पुढे कितीतरी दिवस मी लॅबच्या दारातून गेले की गेडामभाऊ आतून हळूच म्हणत, “रक्त, रक्त!”

मग धानाचे पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, रोवणीला आले. ज्यांच्याकडे तलाव तसा धानाचा तुकडाही आहे, त्यांना रोवणी चुकवून चालत नाही. ठमाबाई गावाला गेली. गिरजाचा नवरा राहिला. तो बिचारा भात तेवढा रांधी आणि भातावर मिठाचं पाणी. तरोटा कोण खुडणार? मीही खुडला नाही. कारण त्याच दिवसांत मला बाळंतिणींच्या वॉर्डात जास्तीचं काम लागलं होतं, आणि गिरजा आता बरी दिसत होती. गोळी मात्र तीच होती, वाढवत वाढवत नेलेली.

दोन-तीन दिवसांनी गिरजानं मला हाक मारली. भांड्याकडे बोट दाखवून म्हणाली, “लाल.”

मी आता अनुभवी बाई! मान वर करून म्हटलं, “तो गोळीचा रंग होय. भ्यायचं नाई.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला आणखी काही सांगायचं होतं, शब्द सापडत नव्हता. मी थांबले नाही. आजही मला ते चार थेंब ॲसिड आठवतात. लॅब वीस पावलांवर होती, पण “रक्त, रक्त” ऐकायची माझी तयारी नव्हती.

दुसऱ्या सकाळी ती राखुंडीनं दात घासत होती आणि थुंकीत रक्त येत होतं. थांबतच नव्हतं. आदल्या दिवशी मी रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला होता तिथं दंडावर काळंनिळं कडं उठलेलं. मी भांडं उचललं आणि लॅबमध्ये गेले. ओरडले नाही. गेडामभाऊंनी माझं तोंड पाहिलं आणि तेही काही बोलले नाहीत. थेंब टाकले. आम्ही दोघं नळीकडे पाहत राहिलो. आणखी टाकले. रंग जागचा हलला नाही.

साहेब धावत आले. गोळी बंद. गिरजाच्या नवऱ्याचं रक्त जुळलं, ते चढवायला घेतलं. नाकातूनही रक्त येऊ लागलं होतं. गिरजा माझा हात धरून होती, आणि तिच्या तोंडून एकही शब्द येईना. रक्त मेंदूत गेलं म्हणून येईना, की भीतीनं, हे आम्हाला कुणालाच सांगता येत नव्हतं. माझ्या डोक्यात एकच घुमत होतं. गाठ होऊ नये म्हणून दिलेल्या औषधानंच हिची वाचा गेली तर त्या म्हातारीला मी काय सांगणार?

साहेबांनी कपाटातून बारीक कुप्या काढल्या आणि एक सुई दिली. मी विचारलं, “हे काय, साहेब?”

“के जीवनसत्त्व. गोळीच्या उलट काम करते. हिरव्या पानात असते ना, तेच.”

माझ्या हातातला कापूस खाली पडला.

“कुठल्या पानात?”

“सगळ्या. जितकं हिरवं, तितकं जास्त.” मग ते थांबले. माझ्याकडे पाहिलं. “का?”

सांगितलं. कुंपण, ओटी, मूठ, जवसाचं तेल, आणि रोवणीपासून ती भाजी बंद पडली, सगळं. मला वाटलं आता टोपी काढून घेतात. ते स्टुलावर बसले, दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग म्हणाले, “मी तिला विचारलं, किती उशा घेऊन झोपते. विचारलं, जिना चढताना दम लागतो का. तिच्या गावात जिना नाही! आणि काय खाते, हे नाही विचारलं.” त्यांना हसू येत होतं की रडू, ते मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

दुसऱ्या दिवशी रक्त थांबलं. गिरजानं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि स्पष्ट म्हणाली, “मरळ.” बरोबर म्हटलं म्हणून खूश झाली असावी. मी तिच्या खाटेवर डोकं टेकून रडले. टोपी पडली ती पडलीच.

पुढे साहेबांनी लहान मात्रेत गोळी पुन्हा सुरू केली आणि भाजीचं माप ठरवून दिलं: रोज एक मूठ, कमी नाही, जास्त नाही. नळीतलं रक्तही मग शहाण्यासारखं वागू लागलं. पण गावी रक्त तपासणार कोण? घरी जाताना गोळी बंद करावी लागली. तो निर्णय घेताना साहेबांचा चेहरा मी पाहिला आहे. गिरजा पुढे दोनदा येऊन गेली, दुसऱ्या वेळी माझ्यासाठी सुके झिंगे घेऊन. नंतर माझी बदली सिरोंच्याला झाली आणि तिकडची खबर तुटली. तिचं काय झालं, मला माहीत नाही. आणि एक गोष्ट अजूनही उमगत नाही. भाजीपायी ती मरता मरता वाचली हे खरं, पण भाजीचा करार केला नसता तर तिनं गोळी तोंडात तरी घेतली असती का? पुढे नोकरी संपेपर्यंत औषध देण्याआधी मी झाडाखाली जाऊन चुलीवरची झाकणं उचलून पाहत असे. नव्या डॉक्टरांना वाटे, सिस्टर खादाड आहेत.

आता एवढं सांगते आणि थांबते. रोवणी आटोपून ठमाबाई परत आली, ती पायाला चिखल तसाच. गिरजा पांढरीफटक पडलेली, दंडावर ते काळं कडं. मी तिला विहिरीजवळ नेलं आणि सगळं खरं सांगून टाकलं. वाटलं, आता ही मला विहिरीतच ढकलते. तिनं पाय धुतले, पदरानं तोंड पुसलं, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली:

“अवो बाई, माही सून काय कढी होय का जी? एकानं पानी वतावं, दुसऱ्यानं बेसन लावावं, अन् दोघांनी एकमेकाले पुसू बी नाई? आता उद्यापासून मी चूल पेटवू का नोको, ते दोघं मिळून एकदाचं सांगा.”